कानावर हात

हिशेबाच्या दृष्टीने पाहिलं तर माणसाच्या देहात कान हे एकच खातं असं आहे की ज्यात फक्त जमा होते. तोंडातून शब्द जातात, नाकातून श्वास जातो, डोळ्यांतून प्रसंगी पाणी जातं. कानातून, मळ सोडला तर, काहीही बाहेर जात नाही. साहेबांचं बोलणं जमा, सौभाग्यवतींचं बोलणं जमा, शेजारच्या हळदीतला डीजे जमा. व्याज मात्र कशावरच नाही. डोळ्याला निदान पापणी आहे, म्हणजे काउंटरची खिडकी लावून घेता येते. कानाला देवाने शटरच बसवलेलं नाही. चोवीस तास व्यवहार चालू, रविवारसुद्धा.

म्हणून माणसाने स्वतःच शटर तयार केलं आणि त्याला हेडफोन म्हटलं. या शटरचा इतिहास मी सांगणार आहे, पण खिशाच्या बाजूने. राजांच्या बाजूने इतिहास लिहायला बखरकार होते, क्रांतीच्या बाजूने लिहायला प्राध्यापक आहेत. खिशाच्या बाजूने लिहायला वाणिज्य शाखेचा पदवीधरच पाहिजे. शिवाय प्रश्न नुसती गाणी ऐकण्याचा नाही. घरी बसून गाण्याचं मिक्सिंग करायचं, म्हणजे गळा, पेटी, पखवाज आणि टाळ यांना आपापल्या जागी बसवायचं, तर कानावर काय घालावं आणि ते किती रुपयांत, असा आहे. (आमच्या घरात 'मिक्सिंग' हा शब्द पहिल्यांदा उच्चारला गेला तेव्हा वहिनींनी ओल्या खोबऱ्याचं भांडं पुढे सरकवलं होतं.)

पहिला हेडफोन मराठी होता, असं माझं नम्र मत आहे. शाहीर पोवाड्याला उभा राहिला की एक हात उंच जातो आणि दुसरा कानावर येतो. लोकांना वाटतं ही ऐट. ऐट कसली, ती गरज आहे. शेजारी डफ कडाडतोय, तुणतुणं तुणतुणतंय, समोर हजार माणूस. अशा गलबल्यात स्वतःचा सूर स्वतःला ऐकू आला पाहिजे. तळहात कानाशी धरला की तोंडातला आवाज वळून कानात येतो आणि त्या बाजूचा डफ थोडा मागे सरतो. दुसरा कान साथीदारांकडे मोकळा. किंमत शून्य, दुरुस्ती शून्य, वायर तुटायची भीती नाही. आजही स्टुडिओत गाणारे पुष्कळ गायक हेडफोनचा एक डबा कानावर आणि दुसरा कानामागे सरकवून गातात, तेव्हा ते नकळत शाहिरांनाच मुजरा करत असतात.

साहेबांच्या मुलखात हीच गोष्ट तारेतून झाली. १८८१ साली पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनात क्लेमाँ आदेर नावाच्या गृहस्थांनी ऑपेराच्या रंगमंचावर टेलिफोनचे प्रेषक मांडले आणि प्रदर्शनातल्या लोकांच्या दोन कानांना दोन वेगवेगळ्या बाजूंचा आवाज ऐकवला. रंगमंचावरचा माणूस डावीकडून उजवीकडे गेला तर कानातही गेला! लोक रांगा लावून ऐकत होते. आपल्याकडे त्याच्या आदल्याच वर्षी, ३१ ऑक्टोबर १८८० रोजी, पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आलं होतं, आणि इथल्या नटाला शेवटच्या बाकापर्यंत नुसत्या गळ्याच्या बळावर पोचायचं होतं. पुढे १८९५ मध्ये लंडनला अशी नाटकं घरबसल्या ऐकवणारी 'इलेक्ट्रोफोन' नावाची कंपनी निघाली. वर्गणी वर्षाला पाच पौंड. म्हणजे कानाचं खातं उघडायची सोय झाली, पण किमान शिल्लक अशी ठेवलेली की कारकुनाने बाहेरूनच नमस्कार करून जावं.

त्याच काळात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसणाऱ्या ऑपरेटरांच्या डोक्याशी एक यंत्र आलं. आपल्या मुंबईतही एक्स्चेंज १८८२ पासून आहे. अमेरिकेतल्या सुरुवातीच्या त्या यंत्राचं वजन दहा पौंडांच्या वर होतं आणि ते खांद्यावर टेकवावं लागे. दहा पौंड म्हणजे साडेचार किलो. आमच्या शिवऱ्याच्या शेजारी, खेड-शिवापूरला कमरअली दरवेशांच्या दर्ग्यात एक दगड आहे. अकरा जणांनी एकेक बोट लावून तो उचलायचा असतो. त्या ऑपरेटरांनाही अशी दहा माणसं मदतीला मिळायला हवी होती.

आता मिक्सिंगकडे येऊ. मिक्सिंग कुठून आलं? पायांतून आलं. १९०२ साली फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यात गौहरजानचं ध्वनिमुद्रण केलं तेव्हा माईकही नव्हता आणि बटणंही नव्हती. एक मोठा कर्णा. त्यात गायचं, आवाजाच्या धक्क्याने सुई हलायची आणि मेणावर रेघ उमटायची. कोणाला मोठं करायचं आणि कोणाला लहान, हे ठरवायला एकच साधन : अंतर. गाणारा जवळजवळ कर्ण्याच्या तोंडात, पेटी जरा मागे, दणदणीत वाद्य त्याच्याही मागे. तान चढली की गाणाऱ्याने डोकं मागे घ्यायचं. म्हणजे मिक्सिंग फरशीवर, फुटांत मोजून. आणि जमलं की नाही ते तिथल्या तिथे ऐकायची सोय नाही, कारण मेणाची मूळ तबकडी वाजवली की खराब व्हायची. १९२५ च्या सुमारास विजेचा माईक ध्वनिमुद्रणात आला, तेव्हा कुठे हे काम पायांकडून हातांकडे बदलून गेलं.

कानांसाठी खरा माणूस मात्र आधीच कामाला लागला होता. अमेरिकेत युटा राज्यात राहणारे नॅथनिएल बाल्डविन हे घरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर हेडफोन तयार करत. १९१० मध्ये त्यांनी नमुना नौदलाकडे पाठवला. नौदलाला तो इतका आवडला की मागणी आली. यांनी उलट कळवलं की स्वयंपाकघर लहान आहे, एका वेळी दहाच होतील. डोक्यावरच्या पट्टीचं पेटंट घ्या असं सुचवलं गेलं, तर म्हणे एवढ्याशा गोष्टीचं काय पेटंट घ्यायचं! पुढे त्यांचा कारखाना झाला, नाव झालं, आणि शेवटी दिवाळंही निघालं. ती पट्टी आज जगातल्या यच्चयावत डोक्यांवर आहे. हा धडा बी.कॉम.च्या पुस्तकात का नाही, कळत नाही.

१९३७ मध्ये बर्लिनच्या यूजेन बायर यांनी डीटी ४८ हा हेडफोन काढला. यात त्यांनी चक्क एक चिमुकला लाउडस्पीकरच कानापाशी आणून बसवला : लोहचुंबक, त्यात तारेचं वेटोळं, वेटोळ्याला चिकटलेला पडदा. साध्या हेडफोनमध्ये आजही तेच असतं. हा माल २०१२ पर्यंत बनत होता, म्हणजे पंचाहत्तर वर्षं. बँकेतली फर्निचरंही इतकी टिकत नाहीत.

आपल्याकडे तोवर बोलपट आला होता. १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'पासून प्रभातमध्ये ध्वनीची बाजू विष्णुपंत दामल्यांनी सांभाळली. १९४२ मध्ये शांतारामबापूंनी परळला राजकमल कलामंदिर काढलं आणि तिथे पुढे मंगेश देसाई नावाचा असा माणूस बसला की सत्यजित राय आपले चित्रपट मिक्सिंगसाठी कलकत्त्याहून त्यांच्याकडे घेऊन येत. 'शोले'च्या (१९७५) श्रेयनामावलीतही त्यांचं नाव आहे. पडद्यावर घोडा दिसतो, घोड्यावर गब्बर दिसतो. टाप किती, संवाद किती आणि संगीत किती हे ठरवणारा माणूस दिसत नाही. काम चोख असलं की तो ऐकूही येत नाही. आमच्या कॅश विभागाचं तसंच आहे, हिशेब जुळला की कोणी विचारत नाही.

पण देसाईंच्या समोर चित्रपटगृहाएवढा हॉल होता, मोठा पडदा होता, मोठे कर्णे होते. तुमच्याआमच्या घरात काय असतं? दहा बाय बाराची खोली, गुळगुळीत फरशी, पत्र्याचं छप्पर, स्टीलची मांडणी. अशा खोलीत स्पीकर लावला की आवाज भिंतींवर आपटून परत येतो आणि खोटी साक्ष देतो. एका कोपऱ्यात पखवाज दणदणतो, दोन पावलं सरकलं की गायब. खोली सुधारायची तर लाखाच्या गोष्टी. म्हणून घरी काम करणाऱ्याला हेडफोन लागतो. हेडफोन म्हणजे गरिबाचा हॉल. डोक्यावर घालून हिंडता येण्याजोगा.

हा हॉल स्वस्त कसा झाला, तो इतिहास थोडक्यात सांगतो. मिलवॉकीच्या जॉन कॉस यांना लग्नात सोफ्यासाठी आहेराचे पैसे आले होते. त्यांनी सोफा न घेता रुग्णालयात टीव्ही भाड्याने द्यायचा धंदा काढला. (त्यांच्या पत्नीबद्दल मला आदर आहे.) १९५८ मध्ये त्यांनी विकायला एक छोटा रेकॉर्ड प्लेअर तयार केला आणि तो दाखवण्यापुरता एक स्टीरिओ हेडफोन सोबत ठेवला. गिऱ्हाइकांनी प्लेअरकडे ढुंकूनही पाहिलं नाही, हेडफोनच मागितला. मग १९६८ मध्ये सेनहायझरचा एचडी ४१४ आला. त्याचे डबे मागून उघडे होते आणि गाद्या पिवळ्याधमक. मागून हवा आत-बाहेर जाऊ दिल्याने आवाज डबक्यात अडकल्यासारखा न येता मोकळा येऊ लागला. या एकाच मॉडेलचे एक कोटीच्या वर नग विकले गेले. पुढे १ जुलै १९७९ रोजी जपानात सोनीचा वॉकमन निघाला आणि पाच-सहा वर्षांत दुबईहून येणाऱ्या प्रत्येक मामाच्या बॅगेत तो दिसू लागला. सोनीनेच १९८५ मध्ये एमडीआर-व्ही६ आणि १९९१ मध्ये त्याचा भाऊ एमडीआर-७५०६ काढला. हा दुसरा आजही मिळतो आणि आजही ध्वनिमुद्रणवाल्यांच्या डोक्यावर दिसतो. दिसायला साधा, वायर जुन्या टेलिफोनसारखी वेटोळी, बाजूला निळी पट्टी. कारकुनी हेडफोन म्हणायला हरकत नाही : बढती नाही, पण ऑफिस त्याच्यावर चालतं.

इथवर इतिहास कंपन्यांचा झाला. यापुढचा शिवऱ्याचा.

शिवरे हे भोर तालुक्यातलं गाव पुणे-सातारा महामार्गालगत आहे. खेड-शिवापूरचा टोलनाका अगदी हाकेच्या अंतरावर. महाराष्ट्रातून कर्नाटकात जाणारा प्रत्येक ट्रक आमच्या गावाला हॉर्न देऊन जातो. आमच्या भजनी मंडळाने मागच्या वर्षी नऊ अभंग ध्वनिमुद्रित करायचं ठरवलं. कारण उघड होतं : मंडळाचे अण्णा ऐंशीच्या पुढे गेले होते, आणि त्यांना चाळीस वर्षं पखवाजाची साथ करणारे काका त्यांच्याहून दोनच वर्षांनी लहान. देवळात दोन रात्री चार माईक लावून काम उरकलं. तंत्रज्ञ माझा पुतण्या. तो शिरवळच्या एका कारखान्यात कामाला आहे आणि उरलेल्या वेळात लॅपटॉपवर गाणी शिजवतो. आषाढात, मंडळी पंढरपूरच्या वाटेवर असताना, काका गेले. घरीच, झोपेत.

पुतण्याने मिक्सिंग केलं ते त्याच्या नेहमीच्या इअरफोनवर. कोणत्या कंपनीचे ते सांगत नाही. त्यांच्या डब्यावर ठळक अक्षरांत जादा 'बास'ची ग्वाही होती. अशा मालात खालचा दणका फुगवलेला असतो आणि वरचा छणछणाटही, म्हणजे गिऱ्हाईक दुकानातच खूश. मधला भाग, जिथे माणसाचा गळा असतो, तो दबलेला. आता याचा हिशेब पाहा. इअरफोन पखवाज दुप्पट करून ऐकवतो, म्हणून मिक्सिंग करणारा पखवाज निम्मा करतो. टाळ जास्त वाटतात, म्हणून टाळ कमी. गळा मागे वाटतो, म्हणून गळा पुढे. इअरफोनवर तेरीज चोख जुळते. पण तीच वही दुसऱ्याच्या टेबलावर गेली की घोटाळा बाहेर येतो. फाइल गावातल्या मोबाइलांवर फिरली तेव्हा अण्णांचा थकलेला गळा एकटाच, उघड्या माळावर उभा केल्यासारखा ऐकू येत होता, आणि पखवाज नसरापूरला वाजत होता.

अण्णा काही बोलले नाहीत. काकूंनी मात्र ओसरीवर मोबाइल कानाशी धरून सगळा अभंग ऐकला आणि पुतण्याला विचारलं, "ह्यात ह्यांचा हात कुठंय रं बाळा?"

त्यानंतर हेडफोन घ्यायचे ठरलं आणि वरकड खरेदीवर देखरेख म्हणून माझी नेमणूक झाली. मर्यादा सहा हजार.

सहा हजारांत काय मिळतं याची चौकशी करताना पहिला अडसर ट्रकांचा. मिक्सिंगला मागून उघडा हेडफोन बरा, असं सगळे जाणकार सांगतात, आणि त्यांचं खरं आहे. पण ते जाणकार टोलनाक्यापाशी राहत नाहीत. उघड्या डब्यातून आपला आवाज बाहेर जातो तसा कोल्हापूरकडे निघालेला दहाचाकीही आत येतो. म्हणून बंद डब्याचा. त्यानेही ट्रकची घरघर सगळी थांबत नाही, पण हॉर्न, ब्रेक आणि वहिनींच्या हाका पुष्कळ कमी होतात. मग पुतण्याने बाहेरचा आवाज इलेक्ट्रॉनिक रीतीने मारून टाकणाऱ्या हेडफोनचं नाव काढलं. ही कल्पना अमर बोस यांना १९७८ साली झुरिकहून अमेरिकेला परतताना विमानात सुचली. ते एका बंगाली क्रांतिकारकाचे चिरंजीव, म्हणून अभिमान आहेच. पण जे यंत्र बाहेरचा आवाज खोडून काढायला स्वतःचा आवाज मिसळतं, ते आतल्या आवाजालाही थोडा हात लावतं. ऑडिटला आलेल्या माणसाने स्वतःच नोंदी करू नयेत. बिनतारी प्रकारही त्याच कारणाने बाद, शिवाय त्यात आवाज किंचित उशिरा पोचतो. टाळ वाजलेला पडद्यावर आधी दिसतो आणि कानात मागून येतो.

दुसरा अडसर 'ओहम'चा. हेडफोनच्या डब्यावर ३२, ८०, २५०, ६०० असे आकडे असतात. भाबड्या माणसाला वाटतं जितके जास्त तितका माल भारी. हा आकडा म्हणजे त्या तारेच्या वेटोळ्याचा विजेला होणारा अडथळा. अडीचशे ओहमच्या हेडफोनला नीट बोलतं करायचं तर वेगळा अँप्लिफायर लागतो. लॅपटॉपने तो हलतो, पण कर्जमंजुरीच्या फाइलीसारखा, अगदी हळू आवाजात. म्हणजे हेडफोन परवडला तरी त्याचा नोकर परवडत नाही. त्यापेक्षा तीस ते साठ ओहमचा बरा.

तिसरा म्हणजे डब्यावरचा गौरव : '१५ ते २८,००० हर्ट्झ'. तरुण निरोगी कान वीस हजारांपर्यंत जेमतेम ऐकतात. चाळिशी ओलांडलेल्याचा पंधरा हजारांच्या आसपास कारभार आटोपतो. उरलेले तेरा हजार हर्ट्झ वटवाघळांच्या सोयीसाठी असावेत. आमच्याकडे आंब्याच्या झाडावर ती आहेत, पण त्यांच्याकडून वर्गणी मिळण्याची शक्यता नव्हती.

आणि मग मला तो निबंध सापडला. येरुन ब्रेबार्ट नावाच्या डच संशोधकाने २०१७ मध्ये २८३ हेडफोनांची मोजमापं घेऊन किंमत आणि आवाजाचा चढउतार यांचा मेळ घालून पाहिला. मेळ लागला नाही! महाग हेडफोनचा आलेख स्वस्तापेक्षा सपाट असतोच असं नाही. किंमत एकीकडे जाते, आवाज दुसरीकडे. मी तो निष्कर्ष तीनदा वाचला. इतकी वर्षं घरात मी जे सांगत होतो त्याला शेवटी विज्ञानाचा शिक्का मिळाला. सौभाग्यवतींनी एवढंच विचारलं, की हे साड्यांना लागू आहे का. विषय मी तिथेच थांबवला.

तर सपाट आलेखाचा, बंद डब्याचा, कमी ओहमचा, तारेचा. असे तीनचार नग बाजारात आहेत. आम्ही ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम२०एक्स घेतला. मर्यादेच्या आत आला. ४७ ओहम, वायर तीन मीटर आणि ती निघत नाही, म्हणजे मांजर असलेल्या घराने विचार करावा. पहिल्यांदा घातला तेव्हा पुतण्याचं तोंड पडलं. म्हणाला, "काका, ह्यात मजाच नाही." हीच खूण. मिक्सिंगचा हेडफोन हा मजा देणारा नसावा, निरोप देणारा असावा. पहिले आठ दिवस त्याने मिक्सिंगला हात लावला नाही. ज्या रेकॉर्डी त्याला पाठ आहेत त्याच ऐकत बसला, म्हणजे नव्या माणसाची बोलायची ढब कळावी. त्यात जुनं 'गीतरामायण'ही होतं. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीने आठवड्याला एक याप्रमाणे ती छप्पन्न गीतं लावली होती. लोक रेडिओला हार घालून ऐकत, असं जुनी मंडळी सांगतात. त्या रेडिओतला कर्णा केवढा? बशीएवढा. खालचा दणका त्यातून यायचा नाही आणि वरचा छणछणाटही नाही. तरी गदिमांचा एकेक शब्द माजघरापर्यंत पोचत होता, कारण बाबूजींचा गळा आणि त्याच्याभोवतीची वाद्यं यांची मांडणीच अशी की मधल्या भागात गर्दी नाही.

यातच एक गंमत आहे, जी भारी हेडफोन विकणारे सांगत नाहीत. मोठ्या स्टुडिओतले लोक मुद्दाम हलका माल जवळ बाळगत आले. यामाहाने १९७८ मध्ये घरगुती वापरासाठी एनएस-१० नावाचा स्पीकर काढला. घरगुती गिऱ्हाइकांनी नाक मुरडलं. पण स्टुडिओवाल्यांनी तोच टेबलावर ठेवला आणि २००१ मध्ये उत्पादन थांबेपर्यंत आणि त्याच्या नंतरही तो पांढऱ्या पडद्याचा डबा जगभर दिसत राहिला. त्याचा वरचा आवाज इतका टोचणारा, की काही जण त्याच्या वरच्या पडद्यावर टिश्यू पेपर चिकटवत. पण गळा आणि वाद्य मधल्या पट्ट्यात कुठे एकमेकांच्या पायावर पाय देताहेत हे तो चटकन दाखवायचा. दुसरा एक ऑराटोन म्हणून चौकोनी डबीसारखा स्पीकर असे, त्यावर गाणं मोटारीत आणि साध्या रेडिओत कसं ऐकू येईल ते तपासत. लोक जिथे ऐकतात तिथे जाऊन ऐकावं लागतं, इतकी साधी बाब आहे.

आणि शिवऱ्यात लोक ऐकतात मोबाइलवर. मोबाइलचा स्पीकर नखाएवढा. अगदी खालचे सूर त्यातून निघतच नाहीत. पखवाजाच्या डाव्या अंगाला कणीक लावून जो घुमार काढतात तो तिथे पोचणं शक्य नाही, तुम्ही कितीही वाढवा. वाढवलं तर स्पीकर फक्त कण्हतो. मग उपाय काय? नव्या हेडफोनवर पुतण्याला एक गोष्ट दिसली (ऐकू आली म्हणायला हवं, पण तो 'दिसली'च म्हणाला) : काकांच्या प्रत्येक ठोक्यात घुमार आहे आणि घुमाराच्या आधी तळव्याचा कातड्यावर पडलेला 'थप्' असा आवाज आहे. तो मधल्या पट्ट्यात आहे. तो उचलला तर मोबाइलवरही ठोका कळतो, आणि ठोका कळला की घुमार आपला कानच मनाने भरून काढतो. त्याने पखवाज नुसता मोठा केला नाही. थाप वर आणली, पेटीला तिथून जरा बाजूला सारलं, आणि अण्णांचा गळा दोन पावलं मागे घेतला. फरशीवर गैसबर्गने केलं असतं तेच, पण उंदराने (कॉम्प्युटरच्या). आवाज मध्यम ठेवून. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला चाळीस तास ऐकायचं तर ८० डेसिबलच्या आत ऐका म्हणते. आणि कान दमले की टाळ ऐकूच येत नाहीसे होतात व माणूस ते वाढवत सुटतो, म्हणून दर पाऊण तासाला मी त्याला चहाला उठवत होतो. देखरेखीचा हाच भाग मला मनापासून जमला.

मिक्सिंग झाल्यावर फाइल हेडफोनवर, मग लॅपटॉपवर, मग भावाच्या ट्रॅक्टरवर, मग नसरापूरला जाणाऱ्या जीपमध्ये ऐकून झाली. जीपवाल्याने दुसऱ्या अभंगाला आवाज वाढवला, तेव्हा पुतण्याने माझ्याकडे पाहिलं. शेवटी काकूंच्या मोबाइलवर.

त्यांनी तो कानाशी धरला नाही, ओट्यावर ठेवला आणि समोर बसल्या. पहिल्या अभंगाच्या मध्यावर काका एक तिहाई घेतात, जरा लांबवतात, अण्णा त्यांची वाट पाहून मग उचलतात. काकू म्हणाल्या, "हे असंच करायचे. अण्णांना खिजवायला." अण्णा शेजारीच होते. ते म्हणाले, "चाळीस वर्षं खिजवलं."

तिसऱ्या अभंगात एका कडव्यानंतर, अगदी समेवर, महामार्गावरच्या एका ट्रकचा हॉर्न आहे. जुन्या इअरफोनवर तो पुतण्याला कळलाच नव्हता. नव्या हेडफोनवर तो इतका स्वच्छ ऐकू आला की गाडी हवेच्या ब्रेकची असावी हेही सांगता आलं. त्याने तो काढायचा खूप प्रयत्न केला. पण हॉर्न काढला की त्याच्याबरोबर काकांचा एक ठोका जात होता. हॉर्न तिथे आहे.